आधी अर्थ सांगा, मग भाव सांगा

टपाल तिकिटं आणि नाणी जमवणाऱ्यांच्या जगात एक युक्तिवाद फार जुना आहे. नवखा विचारतो, “एमएनएच म्हणजे काय? व्हीएफ म्हणजे काय?” मुरलेला संग्राहक म्हणतो, “एवढं माहीत नसेल तर आधी वाचून या.” कोणी टोकलंच तर पुढचं भाषण तयार असतं. प्रत्येक विद्येची आपली परिभाषा असते. डॉक्टर-वकील काय सगळं फोडून सांगतात का. लघुरूपांमुळे बोलणं नेमकं होतं. ज्याला खरी ओढ आहे तो शिकतोच. जो शिकत नाही तो गळतो, आणि गळला ते बरंच झालं. उरणमध्ये या भाषणाला एक स्थानिक पुरवणीही जोडली जाते. आपली पोरं सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात, लागली की महिन्याभरात एफसीएल, एलसीएल, टीईयू फाडफाड बोलायला लागतात. मग तिकिटांची आठ-दहा लघुरूपं शिकताना त्यांना काय होतं?

भाषणापेक्षा पुरवणी जास्त दमदार आहे, म्हणून आधी तीच घेतो.

लघुरूपांच्या गर्दीत उरणइतकं जगणारं गाव विरळा. करंजाकडे नौदलाचं एनएडी, बोकडविऱ्याला वीजकेंद्राचं जीटीपीएस, किनाऱ्याला ओएनजीसी, 1989 साली सुरू झालेलं जेएनपीटी बंदर, आणि मानगुटीवर बसलेलं सिडको. बंदराच्या नावातला शेवटचा ‘टी’ जाऊन कागदोपत्री ‘ए’ झाला तरी गाव अजून जेएनपीटीच म्हणतं. तेव्हा उरणकर लघुरूपांना बिचकतो असं कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. पण यार्डात तो ती कशी शिकतो ते पाहा. पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी सुपरवायझर उभा असतो. एफसीएल म्हणजे सगळा कंटेनर एकाच मालकाचा, एलसीएल म्हणजे एका कंटेनरमध्ये चार जणांचा माल, हे त्याला उघड्या कंटेनरसमोर उभं करून सांगितलं जातं. तो चुकला तर माल भलत्या गोदामात जातो, भाडं चढतं, आणि कोणाच्या सहीवर चूक झाली हे कागदावर राहतं. म्हणून शिकवण्याची गरज शिकणाऱ्याइतकीच शिकवणाऱ्यालाही असते. न सांगितल्याचा भुर्दंड त्यालाही बसतो.

छंदाच्या बाजारात नेमकं उलट आहे. विकणारा पाकिटावर ‘व्हीएफ’, म्हणजे ‘व्हेरी फाइन’, लिहितो, नवखा पैसे मोजतो, आणि घरी आल्यावर जाणकार कोणी सांगतो की तिकिटाचा एक दात तुटलाय, मागे पातळ डाग आहे, हे फाइनसुद्धा नाही. परत विचारायला गेलं की उत्तर मिळतं, “ग्रेडिंग ज्याच्या त्याच्या नजरेवर असतं.” इथे लघुरूप चुकलं तर नुकसान फक्त न समजणाऱ्याचं होतं, आणि सांगणाऱ्याला सांगण्याचं काही कारण उरत नाही. सीएफएसची तुलना करायची तर पूर्ण करावी.

उरणमध्ये आणखी एक संक्षेप आहे, अक्षरांचा नाही, आकड्याचा. ‘साडेबारा टक्के’ एवढं म्हटलं की इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं: संपादन केलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचा विकसित भूखंड. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच माणसं गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा लढा पुढे गेला, आणि सरकारी नियमातला एक आकडा घराघरातला शब्द झाला. तो समजून घ्या असं लोकांना कोणी दरडावलं नव्हतं. गावोगाव बैठका घेऊन, सातबारा पुढ्यात ठेवून तो समजावला गेला. ज्या गावाने इतका किचकट व्यवहार तोंडपाठ केला, त्या गावातल्या मुलाला ‘एमएनएच’ कळत नाही म्हणून छंदाच्या दारातूनच परत पाठवणाऱ्याने दोष कुठे शोधावा, हे सांगायला नको.

आता मूळ भाषणाकडे वळतो. पहिला मुद्दा जागेचा. लघुरूपं जागा वाचवण्यासाठी जन्मली हे खरंच आहे. छापील किंमत-याद्या आणि लिलावाच्या सूच्या यांत एका ओळीत एक तिकीट बसवायचं, म्हणून वर्ष, रंग, दाते, जलचिन्ह, अवस्था, किंमत हे सगळं दोन-चार अक्षरांत कोंबलं गेलं. स्टॅन्ली गिबन्स या ब्रिटिश तिकीटविक्रेत्याची पहिली यादी 1865 ची, आणि आजही अनेक ठिकाणी तिकिटाला गिबन्सच्या कॅटलॉगमधल्या क्रमांकाने ओळखतात. पण त्या कॅटलॉगचं पहिलं पान उघडून बघा. किंमत सुरू होण्याआधी पानंच्या पानं खुलासा असतो: कोणतं अक्षर कशासाठी, कोणती खूण कशाची, कोरं म्हणजे काय धरलंय, वापरलेलं म्हणजे काय. ज्यांनी ही अक्षरं रूढ केली त्यांनी वाचकाला ती माहीत असतील असं कधीच गृहीत धरलं नाही. आपण त्यांची अक्षरं उचलली आणि खुलाशाची पानं फाडून ठेवली. वर परंपरेचं नाव सांगतो. परंपरा चालवायची तर ती पानंही चालवा ना.

दुसरा मुद्दा नेमकेपणाचा, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण या मुद्द्याखाली दोन अगदी वेगळ्या जातीचे शब्द एकाच ओळीत बसवले जातात. ‘पर्फ 14’ हा नेमका शब्द आहे. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरच्या लांबीत चौदा छिद्रं बसतात, एवढाच त्याचा अर्थ. लग्रां नावाच्या फ्रेंच डॉक्टरने 1866 मध्ये ही मोजायची पट्टी काढली आणि आजही तीच चालते. उरणमध्ये मोजा किंवा लंडनमध्ये मोजा, चौदाच भरतात. जलचिन्हाचंही तसंच, ते एकतर असतं किंवा नसतं. अशा शब्दांसाठी नवख्याने कष्ट घ्यावेत, मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. पट्टी शंभर-दोनशे रुपयांची, शिकायला एक दुपार.

नाण्यांतही अशी स्वच्छ माहिती आहे. खिशातलं कोणतंही नाणं काढा आणि वर्षाखाली बघा. चौकट असेल तर मुंबईच्या टांकसाळीचं, पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, काहीच नसेल तर कोलकात्याचं. दहा वर्षांच्या मुलाला हे मिनिटभरात सांगून होतं, आणि पुढचा आठवडाभर ते पोर घरातल्या प्रत्येकाचं पाकीट उपसत बसतं. छंद असा लागतो.

पण ‘व्हीएफ’, ‘एक्सएफ’, ‘एयू’, ‘यूएनसी’ हे दर्जा सांगणारे शब्द त्या जातीचे नाहीत. ते मोजमापाचा सदरा घातलेले अभिप्राय आहेत. नाण्यांच्या दर्जाला आज जगभर जी 1 ते 70 ची मोजपट्टी लावतात, ती 1949 साली विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जुन्या अमेरिकी तांब्याच्या सेंटसाठी बनवली. तिचा उगम शास्त्रात नव्हता, बाजारभावात होता: 70 गुणांचं नाणं 1 गुणाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं, असा त्याचा सरळ हिशेब. भाव केव्हाच बदलले, हिशेब कोलमडला, आकडे मात्र राहिले. आणि मोजपट्टीचा हा जनक कसा होता? न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली सरस सेंट नाणी त्याने आपल्याकडच्या हलक्या नाण्यांशी बदलून लांबवल्याचं सोसायटीने पुढे पुराव्यानिशी दाखवून दिलं. यावरून मोजपट्टी खोटी ठरत नाही, हे कबूल. पण दोन नाण्यांतला फरक नेमका कोणाला कळतो आणि न कळणाऱ्याचं काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

दुर्मीळतेच्या खुणांची तर गंमतच. एक ‘आर’ म्हणजे दुर्मीळ, दोन म्हणजे फार दुर्मीळ, तीन म्हणजे अतिदुर्मीळ. कशाच्या आधारावर? किती नाणी ज्ञात आहेत, कोणी मोजली, कधी मोजली? अभ्यासू कॅटलॉगमध्ये याचं उत्तर असतं. विक्रेत्याच्या पाकिटावर नसतं, तिथे तिसरा ‘आर’ लिहायला फक्त शाई लागते. उरणच्या मासळी बाजारात कोळीण पापलेट ताजं आहे असं नुसतं म्हणत नाही, कल्ला उचलून दाखवते. तिकिटाच्या बाजारात कल्ला बघायला मागितला की माणूस अडाणी ठरतो.

नेमकेपणाच्या बाता सर्वांत पोकळ ठरतात त्या ‘एमएनएच’पाशी. मिंट, नेव्हर हिंज्ड: तिकीट कोरं, मागचा गोंद छापखान्यातून आला तसाच, आणि अल्बममध्ये लावण्याची कागदी पट्टी, म्हणजे हिंज, त्याला कधीच लागलेली नाही. ऐकायला निर्दोष. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंज लावूनच तिकिटं ठेवायची रीत जगभर होती. मोठमोठ्या संग्राहकांचे अल्बम तसेच भरले. नंतर कधीतरी अस्पर्श गोंदाचं सोवळं सुरू झालं आणि त्याबरोबर जुन्या तिकिटांना मागून नवा गोंद फासून विकण्याचा धंदाही. हे सोवळं थंड, कोरड्या देशातलं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर खाडीची खारी हवा घरात शिरते, भिंतीला पोपडे येतात, कपाटातल्या वह्यांना बुरशी धरते. तिकिटं एकमेकांना चिकटतात, गोंद पिवळा पडतो, कागदावर तपकिरी ठिपके उमटतात. इथे पन्नास वर्षं टिकलेलं कोरं तिकीट निर्दोष असेल तर त्याच्याकडे आधी संशयाने पाहावं. नवख्याला सांगायची गोष्ट ही आहे. त्याला सांगितलं जातं एवढंच की एमएनएच नसेल तर घेऊ नको.

याचा परिणाम वाईट होतो. मुलाला वाटतं, वापरलेलं तिकीट म्हणजे कचरा. माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांची पत्रं असतात: मुंबईच्या गोदीतून आलेली, गिरणीतून आलेली, जहाजावरून कुठल्या परक्या बंदरातून टाकलेली. पाकिटाचा कोपरा कापायचा, कोमट पाण्यात भिजवायचा, तिकीट सुटं करायचं आणि ते ‘यूज्ड’ म्हणून बाजूला टाकायचं, हे त्याला कुठून तरी कळलेलं असतं. ते तिकीट लाखोंनी छापलेलं, दोन रुपयांचंही नसतं. फेकून दिलेलं पाकीट मात्र पुन्हा कधी मिळणार नसतं. त्यावर उरणचा शिक्का होता, तारीख होती, मार्ग होता. पत्त्यात ‘ता. उरण, जि. कुलाबा’ लिहिलेलं होतं; म्हणजे बहुधा 1981 च्या आधीचं, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पिनकोड नव्हता, म्हणजे आणखीही जुनं असू शकेल, कारण पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. अख्खं पाकीट म्हणजे कव्हर, आणि तिकिटांच्या अभ्यासातली एक मोठी शाखा या कव्हरांवरच उभी आहे. ‘कात्री लावू नकोस’ एवढं एक वाक्य पोराला पहिल्या दिवशी ऐकवलं असतं तर दहा लघुरूपं न शिकताही त्याने घरातली एक चीज वाचवली असती.

पिनकोडचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. पिन हे लघुरूपच आहे, पोस्टल इंडेक्स नंबरचं, आणि ते देशाला देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, संस्कृतचे कवी. अशिक्षित माणसापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांनी लिहायची ही सहा आकड्यांची संज्ञा. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी होते ते ठिकाण, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. रायगड जिल्ह्यातलं असूनही उरणचं टपाल मुंबईच्या 400 खाली का येतं, 400702 का, हे त्या रचनेतून उलगडतं. टपाल खात्याने तो आकडा लोकांच्या गळी उतरवायला वर्षानुवर्षं खटपट केली. ज्या खात्याच्या तिकिटांचा आपण संग्रह करतो त्याच खात्याने संक्षेप कसा रुजवावा याचा धडा घालून दिलाय, आणि आपले जाणकार तो सोडून बाकी सगळं गोळा करतात.

आता घारापुरीकडे चला. बेट उरण तालुक्यात आहे. मुंबईकरांना ते गेटवेचं वाटतं, ते त्यांचं त्यांनी बघावं. स्वतंत्र भारताने 15 ऑगस्ट 1949 ला नेहमीच्या वापरासाठी शिल्प आणि वास्तूंची मोठी तिकीटमालिका काढली, अजिंठ्यापासून पालिताण्यापर्यंत. तिच्यात 9 पैच्या तिकिटावर आपली त्रिमूर्ती आहे. 9 पै म्हणजे पाऊण आणा, बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया; हा हिशेब घरातल्या म्हाताऱ्यांना अजून येतो, त्यांना विचारलं तर तोही संग्रहात जमा होईल. उरणच्या मुलाने तिकिटं जमवायची तर सुरुवात याच तिकिटापासून व्हावी, आणि ते स्वस्तात मिळतं. याच मालिकेत 1 आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्व आहे, आणि पहिल्या छपाईत ते चित्र उलटं छापलं गेलं: पुढे आलेला हात डावा. 1950 मध्ये चूक सुधारून उजव्या हाताचं तिकीट आलं. दोन्ही शेजारी ठेवून मुलाला विचारा, फरक काय? तो भिंगाशिवाय सांगेल. मग त्याला हेही कळेल की सरकारी छापखाना चुकतो, चूक दुरुस्त करतो, आणि दोन्हींची नोंद राहते. हीच गोष्ट विक्रेत्याच्या यादीत कशी येते? कॅटलॉगचा क्रमांक, ‘एल/ए’, ‘आर/ए’, एमएनएच, भाव. ती नोंद वाचून कोणाला छंद लागला असेल तर त्याचा सत्कार करायला मी तयार आहे.

घारापुरीचीच दुसरी गोष्ट नाण्यांची. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली. लेण्यात कोरीव लेख नाही, मग काळ कसा ठरवायचा? वॉल्टर स्पिंक यांच्यासारख्या अभ्यासकांनी या नाण्यांकडे बोट दाखवलं. तांब्याचं हलकं नाणं सोन्या-चांदीसारखं दूरवर फिरत नाही, ते जिथे खर्च होतं तिथेच आसपास राहतं. त्यामुळे सहाव्या शतकाच्या मध्याला या राजाच्या काळात बेटावर माणसांचा वावर आणि पैशांचा व्यवहार होता असं म्हणायला आधार मिळाला. लेणं कोरणाऱ्यांच्या मजुरीशी त्याचा संबंध जोडण्यापर्यंत तर्क गेला. त्या नाण्यांचा ग्रेड काय होता? कोणी विचारलं नाही. त्यांची किंमत एका गोष्टीत होती: ती कुठे सापडली. आणि आपल्या छंदाच्या लघुरूपांत चकाकीसाठी पाच-सहा पायऱ्या आहेत, झिजेसाठी आहेत, दुर्मीळतेसाठी तीन ‘आर’ आहेत. नाणं कुठून आलं हे लिहायला एकही अक्षर प्रचारात नाही. विक्रेत्याला ते नकोच असतं. जिथून आलं ते सांगावं लागलं तर बरीच नाणी विकताच येणार नाहीत.

कारण कायदा आहे. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते, 1878 चा कायदा आजही लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. उरण तालुक्यात जिथे पाहावं तिथे खोदकाम चालू आहे: रस्ते, भूखंड, गोदामं, रेल्वे. ज्याच्या हाताला मातीतून काही लागण्याची शक्यता आहे त्याला ‘एक्सएफ’ आणि ‘एयू’मधला फरक शिकवण्याआधी हा कायदा शिकवायला हवा. मुरलेल्या मंडळींच्या तोंडी तो क्वचितच ऐकू येतो.

तिसरा मुद्दा चाळणीचा: अवघड असलं की खरे रसिकच टिकतात. हा मुद्दा ऐकायला उदात्त वाटतो आणि व्यवहारात साफ खोटा आहे. या चाळणीतून कोण पार होतं? ज्याच्या घरी आधीच काका किंवा मामा संग्राहक आहे तो. ज्याला इंग्रजी शाळा मिळाली तो. आणि ज्याला पैशाचा वास लागलाय तो, कारण पैशासाठी माणूस कोणतीही बाराखडी शिकतो. वर उरतात ते हेच. खाली गळतो तो जिल्हा परिषदेच्या शाळेतला मुलगा, ज्याला तिकिटावरच्या त्रिमूर्तीचं नवल वाटलं होतं. आणि अर्धवट अक्षरं कानावर पडलेले बाकीचे फसवणाऱ्यांच्या हाती सापडतात. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात, 786 च्या नोटेला लाखो मिळतात, ही हवा काही वर्षं इतकी पसरली की 4 ऑगस्ट 2021 ला रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करावं लागलं: आमचं नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारावर कमिशन आणि कर मागितला जातोय, आम्ही असा व्यवहार करत नाही, कोणाला नेमलेलंही नाही. जाणकारांनी दार लावून घेतलं की बाहेर उभ्या असलेल्यांना भेटतात ते असले लोक.

विरोधकांचं एक गाऱ्हाणं मात्र रास्त आहे. नवखा येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “याचे किती मिळतील?” पाच फोटो, एकही नीट नाही, वर हा प्रश्न. वैताग येतो, मलाही येतो. पण हा प्रश्न त्याला शिकवला कोणी? ज्या जगातली तीन चतुर्थांश बाराखडी किमतीसाठीच बनलेली आहे, तिथे येणारा माणूस किंमत विचारणार नाही तर काय पुरातत्त्व विचारेल?

दुसरीकडे एक भाबडा उपायही सुचवला जातो, तोही मला नको आहे: सगळ्याला शुद्ध मराठी प्रतिशब्द द्या. टपाल खात्याच्या पाकिटावर ‘प्रथम दिवस आवरण’ छापलेलं असतं, ते वाचून कोणाच्या डोक्यात उजेड पडलाय? एफडीसी म्हणा, खुशाल म्हणा. पण त्याला दाखवा की तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का त्यावर आहे, आणि शिक्का तपासायचा असतो. शिवराई गोळा करणारी आपली माणसं ‘दुदांडी’ म्हणतात. नाणं हातात देऊन अक्षरांमधल्या दोन आडव्या रेषांवर बोट ठेवलं की विषय संपतो. शब्द कोणत्याही भाषेतला असू दे, बोट ठेवणारा माणूस हवा.

हे तातडीचं का आहे, तर मुलांना बोलावणं आधीच गेलेलं आहे. टपाल खात्याने 2017 मध्ये दीनदयाळ स्पर्श योजना काढली. सहावी ते नववीच्या मुलांना तिकीटसंग्रहासाठी वर्षाला 6,000 रुपयांची शिष्यवृत्ती, लेखी प्रश्नमंजूषा आणि प्रकल्प यांवर निवड. एक अट अशी की शाळेत तिकीटसंग्रह मंडळ असावं किंवा मुलाच्या नावे पीडीए असावा. आता हा पीडीए म्हणजे काय, हे उरणमधल्या किती पालकांना ठाऊक असेल? फिलाटेली डिपॉझिट अकाउंट: टपाल खात्यात 200 रुपये भरून उघडायचं खातं, त्यातून नवी तिकिटं घरी येतात. योजनेचं नावच लघुरूप, तिची अट दुसरं लघुरूप, आणि या दोन दारांपलीकडे मुलासाठी महिन्याला पाचशे रुपये ठेवलेले. तालुक्यातल्या ज्या संग्राहकांना हे पाठ आहे, त्यांनी आजवर किती शाळांत जाऊन सांगितलं, याचा जाब मी विचारत नाही. त्यांनी तो स्वतःला विचारावा.

संग्राहकांकडे माझी मागणी फार नाही. विकायला किंवा मांडायला ठेवलेल्या प्रत्येक वस्तूवर लघुरूपाबरोबर त्याचा पूर्ण अर्थ मराठीत लिहा. दर्जा लिहिलात तर तो कोणी ठरवला ते लिहा, आणि दोष असेल तर तो झाकणारं अक्षर न वापरता उघड लिहा. जमल्यास वर्षातून एकदा त्रिमूर्तीचं ते पाऊण आण्याचं तिकीट घेऊन एखाद्या शाळेत जा.

आणि नव्याने येणाऱ्यांनो, अर्थ विचारायला लाजू नका. जो सांगणार नाही त्याच्याकडून घेऊ नका. घेतलंच तर ‘व्हीएफ’ म्हणजे काय ते विक्रेत्याकडून त्याच्या अक्षरात पावतीवर लिहून घ्या, खाली सही घ्या. मातीत काही सापडलं तर आधी तलाठी गाठा, दुकान नंतर. माळ्यावर जुनी पत्रं असतील तर ती पाण्यात घालू नका, पाकिटाला कात्री लावू नका, कोरड्या डब्यात ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून वारा द्या.